अण्णांच्या धमनीत ८० टक्के अडथळा : स्टेंट त्याच दिवशी टाकायला हवा होता का?

माहुली (सातारा)

नमस्कार. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ६४ वर्षांचे असून माध्यमिक शाळेतून गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. पहाटे अजिंक्यताऱ्याची वाट चढण्याचा त्यांचा परिपाठ फार जुना आहे. गेल्या पावसाळ्यापासून चढ लागला की त्यांच्या छातीच्या मधोमध आवळल्यासारखे होऊ लागले; पाच मिनिटे थांबले की ते ओसरायचे आणि अण्णा पुन्हा चालू लागायचे. घरात त्यांनी याबद्दल चार महिने अवाक्षर काढले नाही. त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या एका काकांनी शेवटी आईला सांगितले की, अण्णा हल्ली वाटेवरच्या 'चार भिंती' या ठिकाणाच्या अलीकडे रोज त्याच एका दगडावर बसतात, तेव्हा आम्हाला कळले.

ट्रेडमिल चाचणीत दोष दिसला म्हणून आम्ही त्यांना एका मोठ्या खासगी रुग्णालयात अँजिओग्राफीसाठी नेले. मनगटातून नळी घालून तपासणी सुरू झाली आणि अर्ध्या तासाच्या आत दादाला आत बोलावून पडद्यावर चित्र दाखवण्यात आले. "उजव्या धमनीत ८० टक्के अडथळा आहे, नळी आतच आहे, आत्ताच स्टेंट टाकून घ्या, नाहीतर झटका केव्हाही येऊ शकतो," असे सांगून त्याच्या हातात संमतीपत्र दिले आणि विचार करायला दहा मिनिटे दिली. आई बाहेरच्या बाकावर रडत होती. अण्णा टेबलावरूनच शांतपणे म्हणाले, "आज मला काही दुखत नाही. मला विचार करू द्या." वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध जात असल्याच्या कागदावर सही करून आम्ही त्यांना घरी आणले. त्या दिवसापासून आई रात्री दोन-तीनदा उठून त्यांचा श्वास चालू आहे ना, हे पाहते.

अहवालात लिहिल्याप्रमाणे डाव्या मुख्य धमनीत दोष नाही, इतर दोन धमन्यांत ३० ते ४० टक्के अडथळे आहेत आणि इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंगची ताकद ६० टक्के, म्हणजे व्यवस्थित आहे. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.९. आम्ही चूक केली का, हा माझा पहिला प्रश्न आहे. सीटी अँजिओग्राफीने भागले असते का, हा दुसरा. आणि अलीकडे या आजारावर जी नवी औषधे आली आहेत असे ऐकतो, त्यांतले अण्णांच्या उपयोगाचे काय आहे, हा तिसरा. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


स्पंदन (हृदयरोगतज्ज्ञ, पुणे)

ताई, रुग्णाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कोणताही निर्णय देता येत नाही आणि मी तो देत नाही. तरीही आपण दिलेल्या माहितीवरून एक गोष्ट स्पष्टपणे सांगता येते, कारण तिच्यावरच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे. हृदयधमन्यांचा आजार दोन अगदी भिन्न रूपांत समोर येतो. चढ चढताना दुखणे, थांबल्यावर राहणे आणि महिनोन्‌महिने तेवढ्याच श्रमाला तेवढेच दुखणे, हे स्थिर हृदयशूळाचे रूप आहे. बसल्या जागी दुखू लागणे, दुखण्याची वारंवारता दिवसागणिक वाढणे किंवा वीस मिनिटे होऊनही ते न थांबणे, हे अस्थिर रूप आहे. दुसऱ्यात प्रत्येक मिनिट मोलाचे असते. पहिल्यात विचाराला, दुसऱ्या मताला आणि औषधांना वेळ असतो. आपल्या वडिलांचे वर्णन पहिल्या प्रकारात बसते, त्यामुळे त्यांनी वेळ मागितला यात मला चूक दिसत नाही.

"स्टेंट नाही टाकला तर झटका येईल" या वाक्यामागे एक समज आहे, जी आम्हा डॉक्टरांचीही पुष्कळ वर्षे होती. धमनी ८० टक्के चिंचोळी झाली, उरलेली २० टक्के बंद झाली की झटका, असे ते चित्र होते. प्रत्यक्षात बहुतेक झटके धमनीच्या भिंतीतील मेदाचा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी जमल्याने येतात आणि फुटणारा थर पुष्कळदा ३०-४० टक्केच अडथळा करणारा असतो. म्हणजे आपल्या वडिलांच्या ज्या दोन धमन्यांकडे त्या दिवशी कोणी पाहिले नाही, त्यांचीही काळजी तितकीच घ्यायला हवी. स्टेंट एका जागेची वाट मोकळी करतो. औषधे तिन्ही धमन्यांतील थर शांत करतात.

हे केवळ मत नाही. २००७ मध्ये 'करेज' या चाचणीत २,२८७ रुग्णांच्या बाबतीत असे दिसले की, स्थिर आजारात उत्तम औषधोपचाराला स्टेंटची जोड दिल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. त्यावर असा आक्षेप आला की, गंभीर रुग्ण त्यात नव्हतेच. म्हणून 'इस्केमिया' ही मोठी चाचणी झाली, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्ण तिच्यात होते आणि त्यांच्या हृदयाला रक्त कमी पडते हे तपासण्यांत मध्यम ते तीव्र प्रमाणात दिसलेले होते. निम्म्यांना आधी अँजिओग्राफी व गरजेनुसार स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी केवळ औषधे. तीन वर्षांहून थोड्या अधिक काळाच्या पाठपुराव्यात मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. औषधांच्या गटातील साधारण पाचांपैकी एकाला पुढे स्टेंट किंवा बायपास लागले, बाकीच्यांना लागले नाही. मात्र ज्यांना वारंवार छातीत दुखत होते, त्यांना पहिल्या गटात अधिक आराम पडला, हेही त्याच चाचणीने दाखवले आणि ते लपवून ठेवणे योग्य नाही.

स्टेंटने दुखणे खरोखर थांबते की काहीतरी केले गेले या भावनेने बरे वाटते, हा प्रश्नही अलीकडे तपासला गेला. ब्रिटनमधील 'ऑर्बिटा-२' या २०२३ च्या चाचणीत ३०१ रुग्णांना गुंगी देऊन निम्म्यांना खरा स्टेंट टाकला आणि निम्म्यांवर केवळ तशी प्रक्रिया केली. कोणाला काय झाले हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि हृदयशूळाची औषधे थांबवलेली होती. बारा आठवड्यांनी स्टेंटच्या गटातील सुमारे ४० टक्के रुग्णांना अजिबात दुखत नव्हते, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. म्हणजे स्टेंट दुखणे कमी करतो हे खरे, पण स्टेंट टाकलेल्यांतही निम्म्याहून अधिक जणांना काही ना काही त्रास राहिला, हेही तितकेच खरे आहे. त्यामुळे स्थिर आजारात स्टेंटचा विचार आयुष्य वाढवण्यासाठी नव्हे, तर औषधांनी न आवरणाऱ्या त्रासासाठी करायचा असतो.

या सगळ्याला अपवाद आहेत आणि ते आपण लक्षात ठेवावेत. डाव्या मुख्य धमनीत ५० टक्के वा अधिक अडथळा असलेले, हृदयाची ताकद ३५ टक्क्यांच्या खाली गेलेले आणि नुकताच झटका येऊन गेलेले रुग्ण 'इस्केमिया' चाचणीत घेतलेच नव्हते. त्यांना तिचे निष्कर्ष लावू नयेत. मधुमेहींच्या एकापेक्षा अधिक धमन्या गंभीरपणे बाधित असतील, तर स्टेंटपेक्षा बायपास अधिक हिताचा ठरतो. आपल्या वडिलांच्या अहवालात यांपैकी काही नाही.

८० टक्क्यांच्या आकड्याबद्दलही थोडे सांगतो. हा आकडा बहुधा डोळ्यांच्या अंदाजाने सांगितलेला असतो आणि दोन अनुभवी डॉक्टर तेच चित्र ७० किंवा ९० असेही वाचू शकतात. धमनी मध्यम अरुंद दिसत असेल, तर अडथळ्याच्या पलीकडे रक्ताचा दाब किती उरतो हे केसासारख्या तारेने मोजता येते. त्याला एफएफआर म्हणतात. पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या ०.८० पट किंवा त्याहून कमी असेल, तर तो अडथळा महत्त्वाचा मानतात. नातेवाइकांचा येथे नेहमी घोटाळा होतो, म्हणून सांगतो की, या ०.८० चा आणि ८० टक्के अडथळ्याचा काहीही संबंध नाही. आपल्या अहवालात एफएफआरचा उल्लेख आहे का ते पाहा. नसेल, तर पुढे कधी स्टेंटचा प्रश्न आला तेव्हा आपण ते आधी विचारू शकता.

आता सीटी अँजिओग्राफी. गेल्या दहा वर्षांत निदानात सर्वांत मोठा बदल झाला असेल, तर तो येथे. हाताच्या शिरेतून औषध देऊन काही मिनिटांत काढलेल्या या चित्रात केवळ अरुंद जागाच नव्हे, तर भिंतीतील थरही दिसतो. स्कॉटलंडमधील 'स्कॉट-हार्ट' चाचणीत छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांपैकी निम्म्यांची नेहमीच्या तपासण्यांबरोबर सीटी केली गेली. पाच वर्षांत हृदयधमन्यांच्या आजाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण त्या गटात २.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ३.९ टक्के होते. स्टेंट आणि बायपास दोन्ही गटांत जवळपास सारखेच झाले. फरक पडला तो मुख्यतः योग्य माणसाला वेळेवर औषधे सुरू झाल्याने, असे मानले जाते. युरोपातील 'डिस्चार्ज' या २०२२ च्या चाचणीत ३,५६१ रुग्ण होते. त्यांतील ज्यांची सुरुवात सीटीने झाली, त्यांना प्रक्रियेशी संबंधित मोठे उपद्रव ०.५ टक्के झाले. ज्यांची सुरुवात नळी घालून केलेल्या अँजिओग्राफीने झाली, त्यांना १.९ टक्के. धमन्यांत कॅल्शियम फार असेल, ठोके अनियमित असतील किंवा मूत्रपिंडे कमकुवत असतील, तर सीटीच्या मर्यादा जाणवतात. पण आपल्या वडिलांसारख्या रुग्णाची सुरुवात सीटीने करणे पूर्णपणे सयुक्तिक ठरले असते. तिचा आणखी एक फायदा मला महत्त्वाचा वाटतो. सीटीच्या टेबलावर कोणी संमतीपत्र पुढे करू शकत नाही. अहवाल हातात घेऊन माणूस घरी जातो आणि डॉक्टरांशी समोरासमोर बसून बोलतो.

औषधांविषयी. एलडीएल ११८ हे धमन्यांचा आजार सिद्ध झालेल्या मधुमेही माणसासाठी फार आहे. भारतीय हृदयरोग संघटनेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा अतिजोखमीच्या रुग्णाचे एलडीएल ५५ च्या खाली हवे. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्के उतरते. त्यापेक्षा एझेटिमाइबची एक लहान गोळी जोडली, तर आणखी सुमारे २० टक्के उतरते, म्हणून हल्ली दोन्ही लवकर एकत्र देतात. तेवढ्यानेही भागले नाही, तर इंजेक्शने आहेत, पण ती महाग आहेत आणि आज आपल्याला त्यांचा विचार करण्याची गरज दिसत नाही. लायपोप्रोटीन (ए) या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणाची तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. तिचे प्रमाण जन्मजात ठरलेले असते आणि डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर मुलांचीही तपासणी करायला हवी. मधुमेहासाठी एम्पाग्लिफ्लोझिनच्या गटातील औषध अण्णांना चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. हृदयविकार असलेल्या मधुमेहींमध्ये या औषधाने हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केल्याचे २०१५ मध्ये दिसले होते. मार्च २०२५ मध्ये त्याचे भारतातील पेटंट संपल्यापासून ते सामान्य माणसाच्या आवाक्यात आले आहे.


माहुली

डॉक्टरसाहेब, आपण इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. दोन अडचणी राहिल्या आहेत. अण्णांना स्टॅटिन सुरू केल्यापासून पोटऱ्या दुखतात म्हणून त्यांनी गेल्या आठवड्यात ती गोळी स्वतःच बंद केली. शेजारच्या एका गृहस्थांनी तर "या गोळ्यांनी यकृत जाते" असे सांगून त्यांना आणखी घाबरवले. दुसरे असे की, आमच्या एका नातेवाइकांनी "विना ऑपरेशन ब्लॉकेज साफ" अशा जाहिरातीचे कात्रण पाठवले असून, त्यात सलाइनमधून औषध देऊन धमन्यांतील कॅल्शियम धुऊन काढण्याचे तीस बैठकांचे पॅकेज आहे. अण्णांचा ओढा तिकडे आहे.


स्पंदन

सलाइनच्या उपचाराला किलेशन म्हणतात. मधुमेह असलेल्या आणि पूर्वी झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात त्याची काटेकोर चाचणी झाली आणि २०२४ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : किलेशनचा उपयोग झाला नाही. त्या औषधाने रक्तातील शिसे कमी झाले, झटके आणि मृत्यू कमी झाले नाहीत. सलाइनने धमनीतील अडथळा धुऊन निघत नाही. आपण तो पैसा आणि ते तीस दिवस वाचवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

स्टॅटिनविषयी अण्णा गणिताचे शिक्षक आहेत म्हणून त्यांना आवडेल असा एक प्रयोग सांगतो. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना लंडनमधील संशोधकांनी बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या आणि चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली, कोणती ते ठरवलेले नाही, आणि रोज आपला त्रास किती हे फोनवर नोंदवायचे. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास झाला, त्याचा ९० टक्के त्रास निरुपद्रवी गोळ्यांच्या महिन्यांतही झाला. त्रास खोटा नव्हता. पोटऱ्या खरोखरच दुखत होत्या. पण त्याचे कारण बहुतांशी गोळीतील औषध नव्हते, तर गोळीबद्दलची धास्ती होती. स्वतःचे आकडे पाहिल्यावर त्यांतील निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले. स्नायूंना खरी इजा क्वचित होते आणि ती रक्तातील सीपीकेच्या तपासणीत कळते. यकृताला गंभीर इजा तर फारच दुर्मीळ आहे. अण्णांचे सीपीके आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या, गरज पडल्यास डॉक्टर स्टॅटिनचा प्रकार बदलतील. गोळी बंद ठेवू नका.


निवृत्त कारकून (सांगली)

मी डॉक्टर नाही, पण या वाटेने गेलेला रुग्ण आहे. वरील चर्चा वाचून कोणी स्टेंटलाच वाईट समजू नये, म्हणून लिहितो. २०१९ च्या मार्चमध्ये रात्री साडेनऊला जेवण झाल्यावर माझ्या छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे वाटू लागले. पित्त झाले असेल म्हणून मी खाण्याचा सोडा घेतला, मग जिरे चघळले, मग अंथरुणात उजव्या-डाव्या कुशीवर वळत पडलो. घामाने गंजी भिजून चादरीला चिकटली होती. तरीही एवढ्या रात्री मुलाला कशाला उठवायचे, असे मनात येत होते. अडीच वाजता पत्नीने मुलाला उठवले. रुग्णालयात पोहोचलो तेव्हा पाच तास उलटून गेले होते. धमनी पूर्ण बंद होती. तेथे मला कोणी दहा मिनिटे दिली नाहीत आणि मीही मागितली नाहीत. स्टेंट टाकला आणि मी वाचलो. पण त्या पाच तासांत हृदयाचा जो स्नायू मेला, तो मेलाच. इकोमध्ये ताकद ३० टक्के उरली.

त्यानंतरचे पहिले वर्ष फार कठीण गेले. दोन जिने चढून घरी आलो की दारातच खुर्चीवर बसावे लागे. मग आमच्या डॉक्टरांनी एकेक करून चार औषधे जमवली : सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि शेवटी डॅपाग्लिफ्लोझिन. शेवटचे औषध मधुमेहाचे आहे आणि मला मधुमेह नाही, म्हणून मी औषधाच्या दुकानात वादही घातला होता. मग डॉक्टरांनी समजावले की, २०१९ मध्येच ते मधुमेह नसलेल्या कमकुवत हृदयावरही गुणकारी ठरले आहे. सुरुवातीला त्याचा खर्च पेन्शनमधून पेलवत नव्हता. २०२० च्या अखेरीस पेटंट संपून अनेक कंपन्यांची गोळी आली आणि प्रश्न मिटला. आज माझी ताकद ४५ टक्के आहे आणि गणपतीची खरेदी मी स्वतः चालत जाऊन करतो. बरे वाटले म्हणून यांतले एकही औषध आपण होऊन थांबवू नये, हे मात्र कळकळीने सांगतो. माझ्याच वॉर्डातील एका सोबत्याने थांबवले होते आणि तो तीन महिन्यांत पुन्हा दाखल झाला.

स्टेंटच्या खर्चाबद्दल एक माहिती. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. पुढे ती वेळोवेळी बदलली असली, तरी मर्यादा आजही आहे. त्यामुळे बिलात स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही अँजिओप्लास्टी बसते. रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी भेटावे.


गावडॉक्टर (वैद्यकीय अधिकारी, नाशिक जिल्हा)

कारकूनकाकांनी जे लिहिले, ते आम्ही ग्रामीण रुग्णालयात दर महिन्याला पाहतो. देशभरातील ८९ रुग्णालयांच्या २००८ मधील 'क्रिएट' या नोंदवहीत, मध्यावरचा भारतीय रुग्ण दुखणे सुरू झाल्यापासून ३६० मिनिटांनी रुग्णालयात पोहोचत होता. रुग्णालयात पोहोचल्यानंतर गुठळी विरघळवणारे औषध मिळायला ५० मिनिटे लागत होती. उशीर कोठे होतो, हे या दोन आकड्यांत दिसते. तो मुख्यतः घरात होतो.

गेल्या वर्षी कांदा काढणीच्या दिवसांत एक शेतकरी दुपारी चालत आमच्या बाह्यरुग्ण विभागात आले. तक्रार एवढीच की, खालचा जबडा आणि दात सकाळपासून ठणकतात, दाताच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी द्या. हाताला अजून माती होती, पण कपाळावरचा घाम उन्हाचा वाटत नव्हता, कारण पंख्याखाली बसूनही तो थांबत नव्हता. आमच्या सिस्टरांनी चिठ्ठी बाजूला ठेवून आधी ईसीजी काढला. त्यात हृदयाच्या खालच्या भागाचा झटका स्पष्ट होता. ईसीजी मोबाइलवरून जिल्ह्याच्या ठिकाणी हृदयरोगतज्ज्ञांना पाठवला, त्यांचा होकार काही मिनिटांत आला आणि आम्ही टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचे एक इंजेक्शन शिरेतून दिले. तासाभराने काढलेल्या ईसीजीत वर चढलेली रेषा खाली बसली होती आणि दात दुखायचा थांबला होता. मग १०८ च्या रुग्णवाहिकेतून त्यांना अँजिओग्राफीसाठी पुढे पाठवले.

मला सांगायचे आहे ते हे की, झटक्याच्या उपचारात आमच्यासारख्या ठिकाणांसाठी खरा बदल हाच आहे. दोन तासांच्या आत कॅथलॅबमध्ये (अँजिओप्लास्टीच्या कक्षात) धमनी उघडता येत असेल, तर तो उत्तम मार्ग. तेवढ्या वेळात पोहोचणे शक्य नसेल, तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवायची आणि मग २ ते २४ तासांत अँजिओग्राफी करायची, ही पद्धत आता जगभर मान्य आहे. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांना जोडून हे आधी करून दाखवले गेले. आपल्या राज्यातही स्टेमी (धमनी पूर्ण बंद होऊन येणारा झटका) प्रकल्पातून ईसीजी ऑनलाइन वाचून मिळण्याची सोय अनेक सरकारी रुग्णालयांत झाली आहे. म्हणून गाडी काढून थेट शहराकडे निघू नका. वाटेत ईसीजीची आणि इंजेक्शनची सोय असेल, तर तेथे थांबा.

ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन, याच्या तपासणीबद्दलही नातेवाइकांचा गैरसमज असतो. जुन्या तपासणीत निदानासाठी सहा ते बारा तास थांबावे लागे. नव्या अतिसंवेदनशील तपासणीत आल्याबरोबर एकदा आणि एक ते तीन तासांनी पुन्हा, असे दोनदा रक्त पाहून बहुतेकांचा निर्णय होतो. पहिला ईसीजी आणि पहिले ट्रोपोनिन चांगले आले म्हणून घरी निघून जाऊ नका, दुसऱ्यासाठी थांबा. उलट ईसीजीतच झटका दिसत असेल, तर ट्रोपोनिनच्या अहवालाची वाट पाहण्यात वेळ घालवायचा नसतो.

माहुलीताई, अण्णांच्या खिशात सॉर्बिट्रेट असेलच. दुखले तर आधी बसावे, मग गोळी जिभेखाली ठेवावी. उभ्याने घेतल्यास रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. पाच मिनिटांत उतार पडला नाही, तर १०८ ला फोन करावा आणि ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर साधी ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खावी. लैंगिक समस्येसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतलेली असेल, तर सॉर्बिट्रेट घेऊ नये. हे मुलीने वडिलांना सांगणे अवघड असते, पण दादाने सांगावे.


माहुली

सर्वांचे आभार कसे मानू, हे कळत नाही. दोन महिन्यांनी लिहीत आहे. आम्ही दुसऱ्या शहरातील एका ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञांचे मत घेतले. त्यांनी अँजिओग्राफीची सीडी स्वतः पाहिली, अण्णांना तीन मजले चढायला लावून स्वतः त्यांच्यामागून चढले आणि मग म्हणाले की, सध्या औषधांवर राहू, दुखणे आवरले नाही तर एफएफआर मोजून स्टेंटचे ठरवू. मेटोप्रोलॉल आणि नायट्रेट सुरू केले आहे. सीपीके व्यवस्थित आले, स्टॅटिनचा प्रकार बदलला आणि सोबत एझेटिमाइब दिले. एलडीएल ११८ वरून ६३ वर आले आहे, म्हणजे अजून थोडे उतरायला हवे. बाटल्यांचा प्रयोग अण्णांना इतका आवडला की, त्यांनी पोटऱ्यांच्या दुखण्याची रोज शून्य ते दहा अशी नोंद वहीत ठेवायला सुरुवात केली. गेले तीन आठवडे तिथे शून्य आणि एक असेच आकडे आहेत. जाहिरातीचे कात्रण आईने बंबात टाकले.

चढावर त्यांना अजूनही आवळल्यासारखे होते, पण आता शेवटच्या वळणावर आणि आठवड्यातून एखाद्या वेळीच. गावडॉक्टरांचा सल्ला दादाने त्यांना एकांतात सांगितला.

मात्र अण्णांचे लायपोप्रोटीन (ए) ९२ आले, म्हणून आम्ही दोघा भावंडांनीही तपासणी करून घेतली. माझे १४ आहे. दादाचे ८८ आहे. तो ३९ वर्षांचा आहे, त्याला काहीही त्रास नाही, एलडीएल १३५ आहे आणि तो दिवसाला चार-पाच सिगारेट ओढायचा, त्या परवापासून बंद केल्या आहेत. स्पंदन डॉक्टर, त्याने स्टॅटिन आत्ताच सुरू करावे का आणि त्याची कॅल्शियम स्कोअरची (धमन्यांतील कॅल्शियम मोजणारी) सीटी करून घेण्यात अर्थ आहे का, यावर आपण वेळ मिळेल तेव्हा लिहाल का? त्याचे सर्व अहवाल मी वेगळ्या प्रश्नात मांडते.